पोलीस कोठडीतील माणसासाठी बाहेरच्यांनी काय करावे : पुण्यातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

घरातील माणसाला पोलिसांनी नेले आहे, ही बातमी बहुधा रात्री उशिरा आणि तिसऱ्याच कोणाच्या फोनवरून कळते. त्यानंतरचे दोन-तीन तास घरची मंडळी ओळखीचा नगरसेवक, ओळखीचा हवालदार किंवा ओळखीच्याच्या ओळखीचा वकील शोधण्यात घालवतात, आणि नेमके तेच तास कागद तयार होण्याचे असतात. शिवाजीनगरच्या न्यायालयात रिमांडची, म्हणजे अटक झालेल्याला कोठडीत पाठवण्याच्या आदेशाची, कामे अनेक वर्षे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, कोठडीतला माणूस कोणत्या अवस्थेत राहील हे त्याच्यावर लागलेल्या कलमांपेक्षा, बाहेरच्याने काय लिहून दिले आणि त्याची पोहोच घेतली की नाही यावर जास्त ठरते. तोंडी सांगितलेले औषध आणि तोंडी मागितलेले पांघरूण सकाळी पाळी बदलली की विसरले जाते. शिक्का बसलेला अर्ज मात्र पुढच्या पाळीच्या ठाणे अंमलदारालाही वाचावा लागतो.

या लेखात आरोप खरा की खोटा याचा विचार केलेला नाही आणि जामिनाचा युक्तिवादही सांगितलेला नाही. कोठडीतील दिवसांत माणसाचे शरीर, जेवण, औषध आणि अब्रू सांभाळली जावी यासाठी बाहेरून काय करता येते, एवढाच विषय आहे.

पीसीआर आणि एमसीआर

न्यायालयाच्या आवारात दोन शब्द सतत कानावर पडतात. ‘पीसीआर मिळाला’ म्हणजे आरोपीला तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात, म्हणजे पोलीस कोठडीत पाठवले. ‘एमसीआर झाला’ म्हणजे त्याला न्यायालयीन कोठडीत, पुण्यात बहुधा येरवड्याला, पाठवले. येरवड्यात कारागृहाचे नियम असतात, मुलाखतीचे वेळापत्रक असते, डॉक्टर असतो. पोलीस ठाण्याच्या कोठडीत यातले फारसे काही नसते. ती मुळात काही तासांसाठी बांधलेली जागा आहे, आणि तिच्यात माणसे कित्येक दिवस काढतात. फरशीवर चटई किंवा घोंगडी, कोपऱ्यात अर्ध्या भिंतीआड शौचालय, रात्रभर जळणारा दिवा, पावसाळ्यात ओल आणि बारा महिने डास, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. प्रत्येक ठाण्याला स्वतःची कोठडी असतेच असेही नाही. त्यामुळे गुन्हा एका ठाण्यात, तपास गुन्हे शाखेच्या युनिटकडे आणि माणूस रात्री झोपायला तिसऱ्याच ठाण्याच्या लॉकअपमध्ये, असे पुण्यात सर्रास घडते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आहे. तिच्यातील कलम १८७ मुळे एक मोठा फरक पडला. पोलीस कोठडीची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांचीच राहिली, परंतु पूर्वी ते पंधरा दिवस पहिल्या पंधरवड्यातच संपत असत, ते आता तुकड्यातुकड्यांनी मागता येतात : दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या, तसेच जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांत पहिल्या साठ दिवसांत, आणि इतर गुन्ह्यांत पहिल्या चाळीस दिवसांत. म्हणजे येरवड्याला गेलेला माणूस महिनाभराने पुन्हा ठाण्याच्या कोठडीत येऊ शकतो. ‘एकदाचा एमसीआर झाला, सुटलो’ असे समजून कागद फेकून देणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, म्हणजेच मोक्का लागला असेल, तर हिशेब वेगळा होतो. तेथे पोलीस कोठडी तीस दिवसांपर्यंत जाऊ शकते आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येऊ शकतो. अशा प्रकरणात अनुभवी वकिलावाचून पहिली रात्रही काढू नये.

पहिली रात्र : माणूस नेमका कोठे आहे

पुण्यात पोलिसांची तीन स्वतंत्र घटके आहेत आणि निम्मी धावपळ चुकीच्या दारात होते. पुणे शहर आयुक्तालय, २०१८ मध्ये सुरू झालेले पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक कार्यालय. हिंजवडी, वाकड, चाकण हा भाग पिंपरी-चिंचवडकडे आहे. बारामती, लोणावळा, जुन्नर, शिरूर ग्रामीणकडे. हडपसर, कोथरूड, येरवडा शहराकडे. कोणत्या हद्दीतला गुन्हा आहे हे कळले की त्या घटकाच्या नियंत्रण कक्षाला विचारावे. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि ती माहिती दर्शनी भागात लावावी लागते. काहीच थांग लागत नसेल, तर ११२ वर फोन करून ‘अमुक वाजता अमुक ठिकाणाहून माणूस नेला आहे’ एवढे सांगावे, कारण त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि ती पुढे उपयोगी पडते.

येथे ‘उचलणे’ आणि ‘अटक दाखवणे’ या दोन शब्दांमधील अंतर समजून घ्यावे लागते. माणूस दुपारी चारला उचललेला असतो आणि अटक रात्री अकराला, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलेली असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे आणि संहितेच्या कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. माणसाच्या हालचालीवर बंधन आले की तेथूनच अटक सुरू होते, पोलिसांनी कागदावर वेळ केव्हा टाकली यावरून नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे. म्हणून घरच्यांनी सर्वांत आधी स्वतःची एक वही करावी. कोण आले, गणवेशात होते की साध्या वेशात, गाडीचा क्रमांक काय, किती वाजले, सोबत मोबाईल नेला का, हे त्याच रात्री लिहावे. सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दिसत असेल, तर दुकानदाराला दुसऱ्याच दिवशी विनंती करून चित्रण काढून घ्यावे. खाजगी कॅमेऱ्यांवरचे चित्रण लवकर पुसले जाते.

ठाण्यात गेल्यावर

ठाण्यात शक्यतो दोघांनी जावे, त्यातील एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे. आवाज चढवू नये. ठाणे अंमलदाराकडे चार गोष्टी विचाराव्यात : गुन्हा नोंद क्रमांक (गु. र. नं.) आणि कलमे, अटकेची तारीख व वेळ, तपास अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, आणि आज रात्री माणूस कोणत्या कोठडीत असणार. चौथा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग डबा घेऊन तीन ठाणी हिंडतात.

कलमे जामीनपात्र असतील, तर ठाण्यातूनच जामीन मिळण्याचा हक्क आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर अटकेऐवजी कलम ३५ खालची नोटीस देऊन काम का भागले नाही, हे वकिलाला आवर्जून विचारायला सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात याबाबत पोलिसांना आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनाही बजावले आहे. माणूस साठ वर्षांवरचा किंवा आजारपणाने अशक्त असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही.

अटकेचा पंचनामा घरच्या माणसाच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीच्या साक्षीने व्हायला हवा आणि त्यावर अटक झालेल्याची सही हवी. सही करण्याआधी त्यावरील वेळ वाचावी. वेळ चुकीची असेल, तर सहीखाली ‘दुपारी चार वाजता ताब्यात घेतले’ असे स्वतःच्या हाताने लिहून मग सही करावी. तसे लिहू दिले नाही, तर तेही वहीत टिपावे. कोऱ्या कागदावर सही कोणीही, कोणत्याही आश्वासनावर करू नये.

अटकेची कारणे लेखी मिळाली का, हेही पाहावे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच मिहिर शाह प्रकरणात असे ठरवले की, कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतील, आणि अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर रिमांडसाठी न्यायालयापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती द्यावी लागतील. मराठीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या माणसाच्या हाती इंग्रजी कागद ठेवला असेल, तर वकिलाने तेवढ्यावरही बोलावे.

अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पट्टा, पायजम्याची नाडी, बुटांच्या लेस, साखळी या वस्तू आत्महत्येच्या भीतीने काढतात, आणि त्यात वावगे काही नाही. चष्मा मात्र कधी कधी काढून घेतला जातो आणि मग माणूस वाचल्यावाचून कागदांवर सह्या करतो. चष्मा परत मिळावा म्हणून वेगळा अर्ज करायला संकोचू नये.

पहिला अर्ज

मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, दमा, मानसिक आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा दारूचे व्यसन यांपैकी काहीही असेल, तर ते पहिल्याच रात्री लेखी द्यावे. व्यसनाची गोष्ट घरचे लाजेने लपवतात. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की दोन-तीन दिवसांत थरकाप, भ्रम, फिट्स येऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. कोठडीत त्याला नाटक समजले जाण्याचा धोका असतो. कलम ५६ प्रमाणे ताब्यातील माणसाच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्याची आठवण कागदाने करून द्यावी लागते.

अर्ज लांबलचक नको. साधारण असा पुरतो :

‘प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे, पुणे. विषय : ताब्यातील व्यक्तीची औषधे व वैद्यकीय तपासणी. महोदय, गु. र. नं. अमुक यामध्ये अटक असलेले श्री. अमुक, वय ५२, हे माझे पती असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे व ते दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत व औषधे सोबत जोडली आहेत. सदर औषधे वेळेवर देण्यात यावीत, इन्सुलिन थंड जागी ठेवण्यात यावे, तसेच त्यांची वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून अहवालाची प्रत मिळावी, ही विनंती. दिनांक, वेळ, सही, मोबाईल क्रमांक.’

याच्या दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख व वेळ घ्यावी. हीच पोहोच. ‘साहेब आले की देतो’ असे उत्तर मिळाले, तर तेथेच बसून राहावे; तरीही मिळाली नाही, तर तोच मजकूर पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयाच्या आवक शाखेत द्यावा आणि ईमेलनेही पाठवावा. औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणि दोन दिवस पुरतील एवढीच द्यावीत. गोळ्यांची सुटी पुडी कोणीही आत जाऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

एका आजींनी, मुलाला फिट येतात हे तीन दिवसांत चार वेगवेगळ्या अंमलदारांना हात जोडून सांगितले होते. लिहिता येत नाही म्हणून अर्ज दिलेला नव्हता. चौथ्या दिवशी रसवंतीवाल्या पोराकडून पाच ओळी लिहून घेतल्या, अंगठा उठवला आणि पोहोच घेतली. संध्याकाळी मुलगा ससूनला तपासून आला. ठाण्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे कोणत्याही ठाण्यात घडू शकते.

मेडिकल

अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व्हावी, असे कलम ५३ सांगते. स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली करावी लागते, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यावी लागते. पुण्यात यासाठी बहुधा ससून, पिंपरी-चिंचवडमध्ये यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि इतरत्र जवळचे सरकारी रुग्णालय गाठले जाते. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अकरा सूचनांपैकी एक अशी आहे की, कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी प्रशिक्षित डॉक्टरकडून तपासणी व्हावी.

व्यवहारात ही तपासणी फार झटपट उरकते. रक्तदाब पाहतात, ‘काही त्रास?’ असे विचारतात, शेजारी गणवेशातला माणूस उभा असतो आणि आरोपी मान हलवतो. त्यामुळे वकिलाने पहिल्याच भेटीत त्याला सांगून ठेवावे की, मार लागला असेल तर डॉक्टरला जागा दाखवून सांगायचे. कपडे वर करायचे. तळपाय, पाठ, मांड्या दाखवायच्या. आणि कशाने मारले तेही सांगायचे. तळपायावर पट्ट्याने मारल्याचे वळ वरवर पाहणाऱ्याला दिसत नाहीत, पण चालताना दुखते. पोलिसांना थोडे दूर उभे करावे, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. जुनी जखम असेल, तर तीही नोंदवून घ्यावी; मग पुढे नवी कोणती आणि जुनी कोणती याचा वाद उरत नाही. जखमांचा रंग दिवसागणिक बदलतो, म्हणून उशीर झालेली तपासणी अर्धी वाया जाते.

न्यायालयातील दोन मिनिटे

पुणे शहरातील बहुतेक आरोपी शिवाजीनगरच्या न्यायालयात आणले जातात. लष्कर भागातील, पिंपरीतील आणि तालुक्यांची न्यायालये वेगळी आहेत, तेव्हा आधी विचारून घ्यावे. शिवाजीनगरला जाणाऱ्यांसाठी जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक सोयीचे आहे. तेथे दोन्ही मार्ग मिळतात. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायालय बसते, त्यामुळे ‘रविवार आहे, सोमवारी आणू’ हे उत्तर स्वीकारू नये. पोलीस कोठडी द्यायची असेल तर आरोपीला पहिल्यांदा आणि नंतरही दर वेळी प्रत्यक्ष उभे करावे लागते. पडद्यावरून हजर करण्याची सोय न्यायालयीन कोठडी वाढवण्यापुरती आहे.

संपूर्ण प्रक्रियेत माझ्या मते सर्वांत मोलाची जागा हीच. शीला बरसे यांनी मुंबईतील पोलीस कोठड्यांमधील स्त्रियांच्या हालांविषयी पाठवलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये जो निकाल दिला, त्यात न्यायदंडाधिकाऱ्याने समोर आणलेल्या प्रत्येकाला ‘पोलिसांविरुद्ध छळाची काही तक्रार आहे का’ असे विचारावे आणि वैद्यकीय तपासणीच्या हक्काची माहिती द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हा प्रश्न आजही विचारला जातो, पण दिवसभराच्या कामांच्या लांब यादीत, म्हणजे गर्दीच्या बोर्डावर तो इतक्या सवयीने येतो की आरोपी ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण त्याला अजून चार रात्री त्याच माणसांसोबत काढायच्या असतात. ती भीती खरी आहे आणि तिच्यावर सोपा उपाय नाही. तरीही मार लागला असेल तर तेव्हाच सांगितलेले बरे. पहिल्या रिमांडला ‘तक्रार नाही’ अशी नोंद झाली आणि आठ दिवसांनी तक्रार केली, तर ती मागाहून सुचलेली आहे असा युक्तिवाद हमखास होतो. उघड बोलण्याचे धाडस होत नसेल, तर वकिलामार्फत लेखी द्यावे.

रिमांड रिपोर्टात पोलिसांनी किती दिवस आणि कशासाठी मागितले आहेत, हे वकिलाने वाचावे. मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदार शोधायचे आहेत, हत्यार काढून द्यायचे आहे, अशी ठरावीक कारणे असतात. दुसऱ्या रिमांडला तीच कारणे जशीच्या तशी असतील, तर पहिल्या दिवसांत काय तपास झाला, असा प्रश्न विचारायचा. पोलीस कोठडी देताना न्यायदंडाधिकाऱ्याला कारणे नोंदवावी लागतात.

याच वेळी सोयींचा अर्ज द्यावा. त्यात मागण्या मोजून लिहाव्यात : घरचा डबा दोन वेळा, औषधे, चष्मा, पांघरूण व बदलण्याचे कपडे, दर अठ्ठेचाळीस तासांनी तपासणी, चौकशीच्या काळात वकिलाची भेट, आणि कोठडीतील कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेश. मोघम ‘मूलभूत सोयी मिळाव्यात’ असे लिहिले की आदेशही मोघम होतो आणि ठाण्यात त्याचा काही उपयोग होत नाही. आदेशाची प्रत त्याच दिवशी काढून ठाण्यात द्यावी, पोहोच घ्यावी.

वकील

चौकशीच्या काळात आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते. वकील पूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. घरच्यांच्या भेटीला असा स्पष्ट आधार नाही, ती बरीचशी तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, म्हणून न्यायालयाकडून परवानगी घेतलेली चांगली.

फी परवडत नसेल, तरी वकिलाविना राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे ताब्यात असलेली कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच आहे आणि १५१०० हा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे. बाहेरच्या पायऱ्यांवर ‘साहेबांशी बोलून पीसीआर कमी करून देतो’ असे सांगणारे भेटतात. त्यांना पैसे देऊ नयेत.

आरोपीने वकिलाकडून एवढे समजून घ्यावे की, पोलिसांपुढे दिलेली कबुली सर्वसाधारण खटल्यात पुरावा ठरत नाही आणि पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर त्याने सही करणे आवश्यक नसते. कबुली काढण्यासाठी इजा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे गुन्हा असून साध्या दुखापतीला सात आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

डबा आणि कपडे

कोठडीतल्या माणसाला जेवण देणे ही पोलिसांची जबाबदारी आहे आणि ते मिळतेही. घरच्या डब्याचे महत्त्व पोटापेक्षा अधिक आहे : बाहेर कोणीतरी दिवसातून दोनदा येते आणि विचारते, हे आतल्या आणि गार्डवरच्या दोघांनाही त्यातून कळते. डबा साधा ठेवावा. रस्सा, काचेची बरणी, चमचा, हाडे असलेले मटण, अॅल्युमिनियमच्या फॉइलमधल्या गुंडाळ्या टाळाव्यात, कारण प्रत्येक गोष्ट उघडून पाहिली जाते. पोळी-भाजी, भात, केळी उत्तम. डब्यातून चिठ्ठी पाठवण्याचा मोह अजिबात नको. ती सापडली की डबाच बंद होतो. कपडे नाडीऐवजी इलॅस्टिकचे द्यावेत. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या फरशीवरची थंडी हाडांत शिरते, तेव्हा जाड चादर मागून घ्यावी.

स्त्रिया आणि मुले

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही; अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानेच लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. झडती स्त्रीनेच घ्यायची. कोठडी स्वतंत्र आणि महिला पोलिसांच्या पहाऱ्यात हवी, हे शीला बरसे निकालाने सांगितले आहे. सॅनिटरी पॅडची मागणी सोयींच्या अर्जात खुशाल लिहावी. तान्हे मूल असेल, तर त्याचा उल्लेख पहिल्याच रिमांडला करावा.

अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, आणि पुण्यात ते येरवड्यात आहे. पोलिसांच्या कागदावर वय एकोणीस पडले की पुढे सगळे चुकत जाते. शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मदाखला, रात्रीच घेऊन जावे. आधार कार्डावर विसंबू नये.

काही बिघडले तर

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे आणि रात्रीही चालणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला आहे. मारहाणीची शंका आली की त्या आठवड्यातच चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज तारीख आणि तासांसह द्यावा. ‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले, तर तेही लेखी मागावे.

तक्रारीच्या जागा अनेक आहेत : ज्या न्यायालयापुढे रिमांड चालू आहे ते, पोलीस आयुक्त, मुंबईतील राज्य मानवी हक्क आयोग, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर आलेले पोलीस तक्रार प्राधिकरण, ज्याचे विभागीय कार्यालय पुण्यातही आहे. सगळीकडे एकच मजकूर पाठवण्यापेक्षा आधी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार नोंदवून तिची प्रत इतरांना जोडावी, असा माझा सल्ला आहे. चोवीस तास उलटूनही माणूस कोठे आहे हे कोणी सांगत नसेल, किंवा त्याला लॉजवर, फार्महाऊसवर ठेवल्याचे कळले, तर मुंबई उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी) याचिका करावी लागते. पोलीस ठाणे किंवा घोषित कारागृह याखेरीज कोठेही माणसाला डांबता येत नाही. कोल्हापूरचे सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ, ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असले, तरी पुणे जिल्हा मुंबईकडेच आहे.

कोठडीत मृत्यू झाल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी होते आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावे लागते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे, अशी मागणी घरच्यांनी ताबडतोब लेखी करावी आणि ते होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेण्याची घाई करू नये.

शेवटचा दिवस

पीसीआर संपल्यावर माणूस येरवड्याला जातो किंवा जामिनावर सुटतो. येरवड्याला जाताना प्रवेशाच्या वेळी पुन्हा तपासणी होते आणि अंगावरच्या जखमा तेथे नोंदल्या जातात, हे त्याला आधी सांगून ठेवावे. औषधांच्या चिठ्ठ्या सोबत द्याव्यात, म्हणजे कारागृहाच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. घरातली वही, सगळ्या पोहोचा, आदेशांच्या प्रती आणि वैद्यकीय अहवाल एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. उरलेले पीसीआरचे दिवस पोलिसांनी पुन्हा मागितले, तर ती फाइल घेऊनच वकिलाकडे जायचे आहे. आणि ठाण्यात जमा असलेला पट्टा, घड्याळ, पाकिटातली रक्कम हे सारे अंगझडतीची पावती दाखवून, रक्कम मोजून, नोंदवहीत सही करण्याआधी ताब्यात घ्यावे.